तिकीट न लागणाऱ्या पाहुण्यांसाठी : दिल्लीची स्मारके सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दिल्लीतले किल्ले, मकबरे, संग्रहालये आणि बागा ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व अधिकारी, अभियंते, अभिरक्षक आणि सुरक्षा कर्मचारी

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून कितीतरी कुटुंबे दिल्ली बघायला येतात. आईवडील, एक-दोन लहान मुले, बऱ्याचदा सोबत आजी-आजोबा. पुढे आग्रा, मथुरा किंवा हरिद्वार जोडलेले असते, त्यामुळे दिल्लीच्या वाट्याला दोन-तीन दिवसच येतात. तेवढ्यात मुलांना राजधानी दाखवायची असते. त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात, रेल्वेचे आरक्षण उघडल्या दिवशी केलेले असते. मी अशाच एका कुटुंबातली आई आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन्ही मुलांना आणि माझ्या सासूबाईंना घेऊन दिल्लीला आलो होतो.

आधी तुमचे आभार मानते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मेट्रोत तीन फुटांपर्यंत उंचीचे मूल फुकट प्रवास करते. राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि गांधी स्मृती तर सगळ्यांनाच विनामूल्य आहेत. इतक्या मोठ्या देशाच्या राजधानीत मुलांसाठी दार उघडे आहे, ही मोठी गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी.

मात्र दार उघडल्यानंतर आत काय होते, याबद्दल मला लिहायचे आहे. तिकीट नसलेला पाहुणा हिशेबातूनही सुटतो, असे दिल्ली फिरताना आम्हाला ठायीठायी जाणवले. फलक, पायऱ्या, काचेच्या पेट्या, रांगा, वेळा, सगळे मोठ्या माणसाच्या मापाने ठरवलेले आहे, आणि मूल आईवडिलांबरोबर आलेले सामान असावे तसे आत जाते. माझी विनंती एवढीच आहे की चार-पाच वर्षांच्या मुलालाही पाहुणा म्हणून मोजा. त्यासाठी नवे काही बांधायची गरज नाही. मकबऱ्याच्या हिरवळीवर घसरगुंडी नको, किल्ल्यात कार्टूनचे पुतळे नकोत. मुलांना गुंतवून ठेवील असे पुष्कळ काही त्या जागांमध्ये शतकानुशतके आहेच. ते त्यांच्या उंचीवर आणून द्या.

चालण्यापासून सुरुवात करते, कारण लहान मुलाची सहल पायांवर ठरते. लाल किल्ल्यात लाहोरी दरवाज्यातून शिरावे, छत्ता चौकातली दुकाने ओलांडावीत, नौबतखान्याखालून पलीकडे जावे, तेव्हा मोठ्यांना वाटते की आता कुठे किल्ला सुरू झाला. चार वर्षांच्या मुलाची त्या दिवसाची निम्मी ताकद तोवर खर्ची पडलेली असते. पुढे दिवाण-ए-आम, मग मोकळी हिरवळ, मग रंगमहाल आणि दिवाण-ए-खास. १६३९ मध्ये काम सुरू होऊन १६४८ मध्ये पुरा झालेला हा किल्ला हत्ती, घोडे आणि पालख्यांच्या चालीने आखलेला आहे. शहाजहानाने आमच्या मुलांचा विचार करायला हवा होता असे मी म्हणत नाही. आजच्या आखणीत तो व्हावा.

शंभर-दीडशे पावलांवर सावलीत टेकायला जागा असावी. संरक्षित स्मारकाच्या आवारात आणि त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तो नियम योग्यच आहे. पण उचलून ठेवता येणाऱ्या लाकडी बाकाला पाया खणावा लागत नाही. उन्हाळ्यापुरत्या ताणलेल्या कापडी छतालाही लागत नाही. बादशहाच्या काळात याच अंगणांवर शामियाने लागत असत, म्हणजे सावली आणण्याची ही रीत त्या जागेला परकी नाही. आणि मुलासाठी ठेवलेला बाक माझ्या सासूबाईंच्याही गुडघ्यांना लागेल. आमच्या सहलीत सगळ्यात आधी दमले ते सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे माणूस, आणि दोघांना हवे होते ते एकच : बसायला जागा आणि प्यायला पाणी.

हुमायूनच्या मकबऱ्यात चौथऱ्यावर जायला उंच उंच, उभ्या पायऱ्या आहेत. बाबागाडी तिथे निरुपयोगी, आणि झोपलेले मूल खांद्यावर घेऊन चढणे धोक्याचे. म्हणून मी मुलांना घेऊन खाली बागेत थांबले आणि बाकीचे वर गेले. मला वाटले होते की मुले कंटाळतील. पण तिथे काम करणारे एक माळीकाका आले, त्यांनी पाण्याच्या पाटात एक वाळलेले पान सोडले आणि मुलांना हिंदीत म्हणाले, याच्या बरोबर चाला. मुले पानाबरोबर चालली. पान पुढच्या हौदात गेले तेव्हा थांबली, पुन्हा नवे पान घेऊन सुरुवातीला आली. मग मुलीने विचारले, हे पाणी त्या मोठ्या घराच्या खालून जाते का? माळीकाकांनी तिला चारही बाजूंचे पाट दाखवले. पाट मकबऱ्याच्या खाली शिरून पलीकडून निघतात असे वाटावे, अशीच ती बाग आखलेली आहे. चारबाग म्हणजे काय, स्वर्गाच्या बागेखालून नद्या वाहतात ही कल्पना दगड-पाण्यात कशी उतरवली, हे मोठ्यांना पुस्तकातून समजावे लागते. सात वर्षांच्या मुलीने ते एका पानामागे चालत जाऊन ओळखले.

त्या माळीकाकांना कोणी हे काम सांगितले नव्हते. त्यांना त्या जागेची माया होती आणि मुलांची जाण होती. तुमच्याकडे अशी माणसे प्रत्येक ठिकाणी असणार. पहारेकरी, झाडूवाल्या मावशी, माळी, तिकीट तपासणारे. ते त्या दगडांबरोबर वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्यापैकी ज्यांना आवड आहे त्यांना थोडे प्रशिक्षण द्या, छातीवर एक बिल्ला द्या आणि दिवसातला एखादा तास मुलांसाठी मोकळा ठेवू द्या, त्याचा वेगळा मोबदलाही द्या. सध्या मुलांची आणि पहारेकऱ्यांची गाठ पडते ती बहुतेक वेळा शिट्टीतून. मूल कठड्याकडे वळले की शिट्टी, गवतावर पाय पडला की शिट्टी. जुन्या वास्तूला जपलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण इथे हात का लावायचा नाही, हे दोन वाक्यांत सांगितले तर मुले आश्चर्य वाटावे इतकी शहाण्यासारखी वागतात. शिट्टीने ती दचकतात आणि एवढेच शिकतात की ही जागा आपली नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी पत्रे लिहीत नाही, त्याबद्दल लिहिते. स्वच्छतागृह. लहान मूल दोन मिनिटेही थांबू शकत नाही. आवारात स्वच्छतागृह एकाच टोकाला असेल तर त्या मुलाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा आहे. जिथे आहे तिथे नळ त्याच्या हाताला लागत नाही, कमोड त्याच्या मापाचा नसतो, दाराची कडी वर असते. लंगोट बदलायला सपाट, स्वच्छ जागा क्वचितच मिळते, आणि मिळाली तर बायकांच्या बाजूला. आता बापही मुलांचे सगळे करतात. पुरुषांच्या बाजूलाही ती सोय हवी. अंगावर पिणारे बाळ घेऊन आलेली आई आम्ही एका स्मारकाच्या आवारात भिंतीकडे तोंड करून, नवऱ्याला ओढणी धरायला लावून बसलेली पाहिली. ताजमहालाच्या आवारात २०१९ मध्ये स्तनपान कक्ष सुरू झाला. म्हणजे जागतिक वारसास्थळाच्या मर्यादा सांभाळूनही हे करता येते, हे सिद्ध झाले आहे. दिल्लीत लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा ही तीन जागतिक वारसास्थळे आहेत. तिथेच नव्हे, तर बायका आणि बाळे जिथे जिथे येतात त्या प्रत्येक मोठ्या स्थळी, दारापासून दिसेल अशा पाटीसह, आडोशाची स्वच्छ खोली हवी.

सुरक्षा तपासणीचेही असेच. राजधानीत ती कडक असणार, ती असावीच. कुटुंबाचे मात्र तिथे काय होते ते बघा. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. आई कापडी पडद्याआड तपासणीत, वडील पलीकडच्या रांगेत अडकलेले, पिशव्या यंत्राच्या पट्ट्यावरून पुढे गेलेल्या, आणि मूल मधल्या मोकळ्या जागेत एकटे. गर्दीच्या ठिकाणी हे काही क्षण पोटात गोळा आणणारे असतात. लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबांना एकत्र तपासून सोडणारी एक रांग असली तर सुरक्षेत काही कमी होणार नाही. खाण्यापिण्याचे नियमही आधी कळावेत. एके ठिकाणी आमच्या मुलाचा दहीभाताचा डबा दारातच ठेवायला लावला. दुसरीकडे तसाच डबा कोणी विचारलासुद्धा नाही. आत खाऊ नये हा नियम आम्हाला मान्य आहे. कचरा होतो, माकडे येतात. पण बाळाचे दूध, औषध, मुलाचा डबा यांचे काय करायचे, हे संकेतस्थळावर आणि दारावर ठळक लिहा, आणि फाटकाजवळ मुलांना चार घास भरवता येतील एवढी जागा आखून द्या.

या सोयी झाल्या तरी मुलांच्या हाती काय लागते, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न आहे. फलकांवर राजाचे नाव, राजवट, सन, बांधकामाची शैली असते. अभ्यासकांना ते हवेच. पण मुले काय विचारतात ते ऐका. राजा आंघोळ कुठे करायचा? स्वयंपाकघर कुठे आहे? रात्री अंधार पडल्यावर काय करायचे? इतके मोठे दगड वर कसे नेले? हे पोरकट प्रश्न नाहीत, यांची उत्तरे तुमच्या अभ्यासकांकडे आहेत. लाल किल्ल्यातून वाहणारी नहर-ए-बिहिश्त महालामहालांतून कशी फिरायची आणि तिने उन्हाळ्यात दालने कशी थंड ठेवली, हे दोन ओळींत लिहून, जमिनीपासून अडीच फुटांवर एक छोटी पाटी लावली, तर मूल त्या कोरड्या पाटाकडे बघत उभे राहील. आज तो पाट ओलांडून जातात.

कुतुबमिनारासमोर प्रत्येक मूल विचारते, वर का जायचे नाही? मिनार ७२.५ मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या. १९८१ च्या डिसेंबरात आत अंधारात चेंगराचेंगरी झाली, ४५ जणांचा जीव गेला. त्यांत शाळेच्या सहलीला आलेली मुले पुष्कळ होती. तेव्हापासून जिना लोकांसाठी बंद आहे. मी हे मुलीला बेतानेच सांगितले. ती गप्प झाली आणि मग तिने विचारले की त्यांची नावे कुठे लिहिली आहेत. माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेलेल्या मुलांची आठवण त्या आवारात मुलांच्या नजरेला पडेल अशी असावी, आणि रांगेत ढकलू नये, दिवे गेले तर जागीच थांबावे, हे तिथेच सांगितले जावे. हे मी तुम्हाला मनापासून सुचवते. शेजारच्या लोहस्तंभाभोवती १९९७ मध्ये कठडा आला, कारण हातांनी मिठी मारून मारून लोक त्याला झिजवत होते. कठडा राहू द्या. पण त्याच्या बाहेर तशाच जाडीचा लोखंडी खांबाचा एक तुकडा उभा करा, ज्याला मुलांना कवेत घेता येईल. सोळाशे वर्षांच्या आसपासचे ऊन-पाऊस सोसून मूळचा खांब का गंजला नाही, हा प्रश्न कवेत घेतल्यावर मुलाला आपोआप पडेल.

हात लावून कळणे किती महत्त्वाचे असते, हे तुमच्यापैकी काहींनी ओळखले आहेच. राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे दालन सुरू झाले. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना मूर्तींच्या प्रतिकृती हातांनी पाहता याव्यात, म्हणून. फार चांगले काम आहे ते. तीच दृष्टी लहान मुलांपर्यंत वाढवा. मोहेंजोदडोची नर्तकी पाठ्यपुस्तकातल्या चित्रात मोठी वाटते, प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटीमीटरची आहे. मुलाला ती दिसावी म्हणून त्याला कडेवर उचलून धरावे लागते, आणि मागे रांग असते. पेटीसमोर एक पायरी ठेवली तरी प्रश्न मिटतो. त्याच सिंधू संस्कृतीच्या दालनात मातीची खेळणी आहेत : चाकांची गाडी, शिट्ट्या, मान हलणारा बैल. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी मुलाने ती ओढली, फुंकली असतील. तिथे एक मातीची गाडी प्रतिकृती म्हणून खेळायला ठेवा. फुटली तर दुसरी ठेवा, कुंभार अजून आहेत.

काही ठिकाणी हे सगळे आधीपासून घडते आहे, तेही सांगायला हवे. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मुले इंजिनांच्या मध्ये मोकळी फिरतात, छोट्या गाडीत बसतात, आणि मोठ्यांना बाहेर काढावे लागते इतकी तीही रमतात. बहादूरशाह जफर मार्गावरचे बाहुल्यांचे संग्रहालय व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभे केले. देशोदेशीच्या बाहुल्या बघताना माझ्या मुलाने जगाचा नकाशा मागून घेतला. आणि गांधी स्मृती. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजी प्रार्थनेला चालत गेले ती वाट तिथे पावलांनी आखलेली आहे. कुठलाही फलक न वाचता मुलगा त्या पावलांच्या बाजूबाजूने हळूहळू चालला आणि शेवटच्या पावलाशी थांबून म्हणाला, पुढची कुठे आहेत? ज्याने ही पावले आखायचे ठरवले, त्याला मुलांची भाषा येत होती.

जंतर मंतरबद्दल मला विशेष वाटते. सवाई जयसिंगांनी १७२४ मध्ये बांधलेली ही वेधशाळा म्हणजे मुलांसाठी देशातली सर्वांत मोठी प्रयोगशाळा होऊ शकते. प्रचंड सूर्यघड्याळ, सावली डोळ्यांदेखत सरकते. पण यंत्रांवर चढता येत नाही, आणि भोवती उंच इमारती उभ्या राहिल्यामुळे पूर्वीसारखे वेधही घेता येत नाहीत. मुले लाल भिंती बघतात, फोटो काढून घेतात आणि बाहेर पडतात. तिथेच, यंत्रांना धक्का न लावता, मोकळ्या उन्हात कमरेएवढ्या उंचीचे एक चालते सूर्यघड्याळ ठेवा. खडूने सावलीची खूण करायची, दहा मिनिटे बागेत खेळायचे, परत येऊन बघायचे. पृथ्वी फिरते हे सांगायला मग शिक्षक लागत नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो मी आमच्या मुलांपुरता मांडत नाही. आमच्याकडे चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. घरात तर तो त्याच्याही आधी सुरू होतो. लाल किल्ल्यात शिरताच मुले विचारतात, मराठे इथे आले होते का? आले होते. पहिला बाजीराव १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन गेला आणि तालकटोऱ्याच्या परिसरात लढाई झाली. तिथल्या स्टेडियमवर फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि फौजेचा पगार भागवण्यासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारीला, पानिपत झाले. नंतर महादजी शिंद्यांच्या काळात बादशहाच्या रक्षणाची जबाबदारी मराठी फौजेवर होती, ती १८०३ पर्यंत. यात अभिमानाचे आहे तसे अडचणीचेही आहे. चांदी काढल्याचे ऐकून मुलगी म्हणाली, मग छत वाईट दिसले असेल. दिसले असेलच. मुलांना दोन्ही सांगता येते, त्यांना गुंतागुंत कळते. तमिळनाडूतून, आसामातून, पंजाबातून येणाऱ्या प्रत्येक मुलाचा राजधानीशी असा काहीतरी धागा असणार. फलकावर एक क्यूआर कोड आणि त्यामागे प्रत्येक भारतीय भाषेत मुलांसाठी दोन-तीन मिनिटांचे बोलणे, एवढे झाले तर मुलाला राजधानीत आपल्या घराची भाषा ऐकू येईल. चार वर्षांच्या मुलाला हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही. त्याच्या आजीलाही दोन्ही येत नाहीत.

वेळांबद्दल थोडक्यात. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, बाहुल्यांचे संग्रहालय, गांधी स्मृती, सगळे सोमवारी बंद. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाचा सोमवार बऱ्याच अंशी वाया जातो. कर्मचाऱ्यांना सुट्टी हवीच, पण सगळ्यांची एकाच दिवशी कशाला? आपसांत वाटून घ्या. आणि सर्व ठिकाणांच्या वेळा, बंदचे दिवस, अचानक बंद झालेली दालने एकाच पानावर बघायला मिळू द्या. १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला काही दिवस बंद असतो, हे बाहेरगावच्या लोकांना दारात आल्यावर कळू नये.

ऋतूचे दुखणे त्याहून मोठे आहे. आमच्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या आहेत : मे आणि दिवाळी. मे महिन्यात दिल्ली चाळिशीच्या वर तापते. दिवाळीनंतर हवा अशी होते की दिल्लीतल्या प्राथमिक शाळाही कधी कधी बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे मुलांच्या फुप्फुसांना आणि कातडीला जे दिवस सगळ्यात वाईट, नेमक्या त्याच दिवसांत बाहेरगावची मुले तुमच्याकडे येतात. सुट्ट्या तुमच्या हातात नाहीत, हवाही एकट्या तुमच्या हातात नाही. पण मे-जूनमध्ये बंदिस्त संग्रहालये दुपारी मुलांनी भरणार हे ओळखून तिथे पाणी आणि बसायची सोय वाढवता येते, आणि उघडी स्मारके पहाटे लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत खुली ठेवता येतात. हवा बिघडलेल्या दिवशी तिकीट खिडकीवर आणि संकेतस्थळावर स्पष्ट सांगा की आज लहान मुलांना उघड्यावर फार वेळ फिरवू नका, आणि जवळची बंदिस्त ठिकाणे सुचवा. ज्यांनी आधी तिकीट काढले आहे त्यांना ते दुसऱ्या दिवशी वापरू द्या. पैसे भरलेले आहेत म्हणून मुलाला खोकत खोकत फिरवणारे आईवडील आम्ही पाहिले. त्यांना नावे ठेवायचे माझ्या मनात आले नाही, कारण परत यायला त्यांना कितीतरी वर्षे लागणार होती.

हरवण्याच्या भीतीबद्दल एकच सुचवते. दारातच मुलाच्या मनगटावर कागदी पट्टी बांधा, तीवर पालकांनी आपला फोन नंबर लिहायचा. आवारात ठिकठिकाणी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आणि ‘हरवलात तर इथे उभे राहा’ अशी चित्राची पाटी लावा, वाचता न येणाऱ्या मुलालाही कळेल अशी. खर्च जवळजवळ नाही.

हे सगळे एकाच वेळी होणार नाही, हे मला कळते. पुढच्या मे महिन्याआधी एखाद्या स्मारकात सावलीतले बाक, पिण्याचे पाणी, मुलांच्या मापाचे एक स्वच्छतागृह आणि अडीच फुटांवरच्या पाच पाट्या, एवढे करून बघा. आठवडाभर तिथे उभे राहून मुले कुठे थांबतात, कुठे रडतात, काय विचारतात याची टिपणे घ्या. पुढे काय करायचे ते त्यांतून कळेल.

मराठी मजकुराचे काम आमच्याकडे द्या. माझ्या ओळखीत प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या तीन-चार बाई आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. तुम्ही हिंदीत माहिती पाठवा. आम्ही ती मराठीत लिहू, पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवू, त्यांना जिथे कळले नाही तिथे पुन्हा लिहू आणि मग तुम्हाला पाठवू. मानधन नको. आवाज देणाऱ्या आज्याही तयार आहेत.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
दोन लहान मुलांची आई